हवा तो बाइट पकडणारा ट्रिगर

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहर कोणत्या क्षणापासून मांडायची, हे ट्रिगर ठरवतो. तारेवरचा व्होल्टेज सतत बदलत असतो आणि उपकरण तो सतत वाचत असते. त्यातला नेमका कोणता तुकडा पडद्यावर थांबवायचा, एवढाच प्रश्न उरतो. ‘व्होल्टेज अडीच व्होल्टच्या वर जाताना पकड’ अशी आज्ञा दिली की दरवेळी त्याच जागेपासून चित्र सुरू होते आणि लहर स्थिर दिसते. अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेल्या ५११ या ऑसिलोस्कोपने ही सोय व्यवहारात रुळवली. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकांमध्ये ‘सीआरओ’ म्हणून शिकवले जाणारे उपकरण आणि आजचा ‘डीएसओ’, दोन्ही याच तत्त्वावर उभे आहेत.

कडेवर, म्हणजे व्होल्टेजच्या चढउतारावर चालणारा हा ट्रिगर साइन लहरीला किंवा ठरावीक लयीच्या चौकोनी लहरीला पुरतो. सिरियल बसवर मात्र तो अपुरा पडतो. सिरियल बस म्हणजे एका किंवा दोन-चार तारांवरून एकामागून एक बिट पाठवण्याची पद्धत. घड्याळाची चिप, तापमानाचा सेन्सर, जीपीएस, मोटारीतले इंजिन-नियंत्रक हे सगळे आपापल्या प्रोसेसरशी असेच बोलतात. या तारांवर प्रत्येक बाइटमध्ये कडा असतात आणि त्या सगळ्या दिसायला सारख्याच. हव्या असलेल्या निरोपाची कड आणि बिनकामाच्या निरोपाची कड यांत आकाराचा काहीच फरक नसतो. फरक असतो तो अर्थाचा. म्हणून सिरियल ट्रिगर कडा पाहून थांबत नाही. तो बिट जुळवून बाइट वाचतो आणि वाचलेला बाइट सांगितलेल्या बाइटशी जुळला तरच चित्र गोठवतो.

त्याची मांडणी समजून घेण्यासाठी एक सर्वपरिचित जोडी घेता येईल: आर्डुइनो उनो बोर्ड आणि डीएस१३०७ ही वेळ मोजणारी चिप. दोघांमधली बस आहे आय-टू-सी. फिलिप्स कंपनीने १९८२ साली ती तयार केली. तिच्यात दोनच तारा असतात: एससीएल ही क्लॉकची आणि एसडीए ही माहितीची. चिप फक्त तार खाली, शून्य व्होल्टकडे खेचू शकतात. तार वर नेण्याचे काम पुरवठ्याला जोडलेले पुल-अप रेझिस्टर करतात. बस मोकळी असताना दोन्ही तारा वर असतात. एससीएल वर असताना एसडीए खाली आली की निरोपाची सुरुवात, आणि एससीएल वर असतानाच एसडीए वर गेली की शेवट. एरवी एससीएल वर असेपर्यंत एसडीएने हलायचे नाही, असा नियम आहे. सुरुवातीनंतरचा पहिला बाइट म्हणजे चिपचा सात बिटांचा पत्ता आणि आठवा बिट लिहायचे की वाचायचे हे सांगणारा. प्रत्येक बाइटनंतर नववा क्लॉक येतो. त्या वेळी ऐकणाऱ्याने तार खाली खेचली तर पोच मिळाली, तार वरच राहिली तर नाही.

डीएस१३०७ चा पत्ता हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीने लिहिलेला, ६८ आहे आणि ती १०० किलोहर्ट्झ गतीला बोलते. म्हणजे एका बाइटला पोचेसकट ९० मायक्रोसेकंद लागतात. वेळ वाचताना प्रोसेसर आधी पत्ता आणि ‘शून्य क्रमांकाच्या रजिस्टरपासून’ ही सूचना लिहितो, मग पुन्हा पत्ता पाठवून सात बाइट वाचतो. एकूण दहा बाइट, साधारण ०.९ मिलिसेकंद. सेकंदातून एकदा वेळ वाचली तर दिवसाला ८६,४०० निरोप होतात आणि तरीही तार बहुतेक वेळ शांतच असते.

आता बिघाड असा समजावा: घड्याळ दिवसातून एखाद्या वेळी अचानक बंद पडते. डीएस१३०७ च्या शून्य क्रमांकाच्या रजिस्टरात सेकंद असतात आणि त्याचा सर्वांत वरचा बिट १ झाला की चिपचा ऑसिलेटर थांबतो. तेव्हा शंका अशी की कोणीतरी, कधीतरी, त्या रजिस्टरात चुकीचा बाइट लिहीत आहे. हजारो बिनचूक निरोपांमधून तो एक निरोप पकडायचा आहे. पडद्याकडे डोळे लावून बसल्याने तो सापडणार नाही.

तयारी प्रोबपासून सुरू होते. प्रोब १०एक्सवर ठेवावा आणि चॅनेलच्या मेनूतही १०एक्सच निवडावे; नाहीतर पडद्यावरचे व्होल्टेज दहापट चुकते. ऑसिलोस्कोपच्याच पुढच्या पट्टीवर मिळणाऱ्या चौकोनी लहरीला प्रोब लावून, तिचे कोपरे सरळ दिसेपर्यंत प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून घ्यावा. १एक्सवर प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरडच्या घरात जाते. आय-टू-सी बसला एकूण ४०० पिकोफॅरडचीच मुभा असताना एवढा भार नुसत्या मोजमापाने वाढवणे बरे नव्हे. उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५ ही पिन. ग्राउंडची क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला लावावी. इथे एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. ही क्लिप ऑसिलोस्कोपमधून थेट घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. वॉशिंग मशीन किंवा एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरसारख्या उपकरणांतले सर्किट अनेकदा मेन्सपासून अलग केलेले नसते. तिथे ही क्लिप लावली तर शॉर्ट होतो, उपकरण जळते आणि माणसाच्या जिवाला धोका होतो. अशा सर्किटला डिफरन्शियल प्रोबच वापरावा.

यानंतर लगेच सिरियल मेनू उघडण्याचा मोह होतो. तो टाळून आधी साध्या कडेच्या ट्रिगरवर लहर नीट पाहून घ्यावी. दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर, उभे माप २ व्होल्ट प्रति घर, आडवे १०० मायक्रोसेकंद प्रति घर. ट्रिगर एसडीएच्या उतरत्या कडेवर, लेव्हल अडीच व्होल्ट, मोड नॉर्मल. तार शांत असताना एसडीएचे पहिले खाली येणे ही निरोपाची सुरुवातच असते, म्हणून होल्डऑफ, म्हणजे एका ट्रिगरनंतर पुढचा ट्रिगर घेण्याआधी थांबायचा वेळ, निरोपापेक्षा मोठा, समजा २ मिलिसेकंद, ठेवला की दरवेळी चित्र सुरुवातीपासून मिळते. या चित्रात तीन गोष्टी तपासायच्या. खालची पातळी खरोखर शून्याजवळ येते का, वरची ५ व्होल्टला पोचते का, आणि चढती कड किती वेळ घेते. १०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सीत चढायला जास्तीत जास्त १ मायक्रोसेकंदाची परवानगी आहे. ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १०० पिकोफॅरडची तार असेल तर साधारण ०.४ मायक्रोसेकंद लागतो. लांब वायर आणि १० किलोओहमचा पुल-अप एकत्र आले की कड वाकडी होत जाते आणि चिपला १ की ० हे ठरवणे अवघड होते. अनेक बिघाड इथेच सापडतात आणि पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही. लहरच खराब असेल तर तिच्यातून वाचलेल्या बाइटवर विसंबून उभारलेला ट्रिगरही खोटाच ठरतो.

लहर स्वच्छ असेल तर बसचा मेनू उघडावा. प्रकार आय-टू-सी, एससीएल कोणत्या चॅनेलवर, एसडीए कोणत्या, आणि थ्रेशोल्ड किती हे सांगायचे. थ्रेशोल्ड म्हणजे ज्या व्होल्टेजच्या वर १ आणि खाली ० धरायचा ती रेघ. आय-टू-सीत पुरवठ्याच्या ३० टक्क्यांखाली ० आणि ७० टक्क्यांवर १ मानतात. ५ व्होल्टच्या सर्किटला दोहोंच्या मधोमध, म्हणजे २.५ व्होल्ट योग्य; ३.३ व्होल्टच्या सर्किटला १.६५. डिकोड चालू केल्यावर लहरीखाली पेट्यांमध्ये बाइट दिसू लागतात. ते खरे आहेत की नाही हे पडताळायला डीएस१३०७ फार सोयीची आहे. ती वेळ बीसीडी पद्धतीने, म्हणजे दशमान आकड्यातला प्रत्येक अंक वेगळ्या चार बिटांत, ठेवते, त्यामुळे ४५ वा सेकंद हेक्समध्येही ४५ असाच दिसतो. सेकंदाचा बाइट ०९ नंतर १० आणि ५९ नंतर ०० होत असेल, तर डिकोड बिनचूक आहे असे समजावे.

पत्त्याच्या बाबतीत मोठा गोंधळ होतो. काही ऑसिलोस्कोप सात बिटांचा पत्ता मागतात, म्हणजे ६८. काही वाचन-लेखनाचा बिट धरून आठ बिटांचा मागतात. तेव्हा लिहिण्यासाठी तोच पत्ता डी० आणि वाचण्यासाठी डी१ होतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या चौकटीत भरला तर ट्रिगर कधीच लागत नाही आणि तासन्‌तास सर्किटवर संशय घेतला जातो. दुसरी अडचण याहून छुपी आहे. कित्येक उपकरणांत डिकोड आणि ट्रिगर यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. डिकोडमध्ये चॅनेल आणि थ्रेशोल्ड बरोबर भरले, पेट्यांमध्ये बाइट छान दिसत आहेत, पण ट्रिगरच्या मेनूत थ्रेशोल्ड अजून शून्यावरच आहे, असे सहज घडते. दोन्ही मेनू स्वतंत्रपणे तपासावेत.

आता खरी कसोटी: ट्रिगरला नेमके काय सांगायचे. आय-टू-सीच्या ट्रिगर मेनूत सहसा सुरुवात, पुन्हा सुरुवात, शेवट, पोच न मिळणे, पत्ता, आणि पत्ता व डेटा असे पर्याय असतात. ‘सुरुवात’ निवडली तर सेकंदातून एकदा ट्रिगर लागेल. ‘पत्ता ६८, लेखन’ निवडले तरी सेकंदातून एकदाच, कारण प्रत्येक वाचनाच्या आधी प्रोसेसर त्याच पत्त्यावर रजिस्टरचा क्रमांक लिहितो. ‘पत्ता ६८, लेखन, पहिला डेटा बाइट ००’ असे म्हटले तरीही तेच, कारण तो क्रमांक ०० च असतो. संशयित निरोप वेगळा ठरतो तो दुसऱ्या डेटा बाइटमुळे. वाचनाच्या निरोपात तो नसतोच. चुकीच्या लेखनात असतो आणि त्याचा वरचा बिट १ असतो. म्हणून अट अशी: पत्ता ६८, लेखन, पहिला बाइट ००, दुसरा बाइट १ने सुरू होणारा आणि बाकीचे सात बिट काहीही. ‘काहीही’साठी मेनूत एक्स हे अक्षर ठेवतात. ही अट दिवसाच्या ८६,४०० नेहमीच्या निरोपांपैकी एकालाही लागू पडत नाही, आणि हव्या त्या निरोपाला नक्की पडते. चांगल्या सिरियल ट्रिगरचे मर्म या नेमकेपणातच आहे. प्रश्न जितका काटेकोर, तितकी पडद्यावरची गर्दी कमी.

ट्रिगरचा मोड नॉर्मल किंवा सिंगल हवा. ऑटो मोडमध्ये ट्रिगर लागला नाही तरी उपकरण थोड्या वेळाने आपणहून चित्र काढते आणि ते पाहणाऱ्याला अट जुळल्याचा भास होतो. दुर्मीळ घटनेसाठी सिंगल उत्तम: एकदा पकडले की पडदा तसाच राहतो, रात्रभर कोणी पाहिले नाही तरी चालते. पण तसे सोडून जाण्यापूर्वी सापळा चालतो का, हे बघायलाच हवे. आर्डुइनोच्या प्रोग्राममधून मुद्दाम एकदा रजिस्टर ०० मध्ये हेक्स ८० लिहावा. ट्रिगर लागला तर मांडणी बरोबर. ही पायरी गाळली आणि सकाळी पडदा रिकामा दिसला, तर घटना घडली नाही की सापळाच सदोष होता, हे कळायला मार्ग उरत नाही.

ट्रिगर कुठे लागतो हेही ध्यानात घ्यावे. अट पूर्ण होते ती शेवटचा बाइट वाचून झाल्यावर. म्हणजे निरोपाची सुरुवात ट्रिगरच्या क्षणाआधीच होऊन गेलेली असते. डिजिटल ऑसिलोस्कोप मागचे नमुनेही जपून ठेवतो, म्हणून ट्रिगरची खूण पडद्याच्या उजव्या बाजूला सरकवली की निरोपाच्या आधी काय घडले ते दिसते. बिघाडाचे कारण जवळजवळ नेहमी याच डाव्या भागात असते. चार चॅनेलचे उपकरण असेल तर तिसरा प्रोब ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि चौथा प्रोसेसरच्या रीसेट पिनवर लावावा. समजा, चुकीच्या लेखनाच्या काही मिलिसेकंद आधी एखादी रिले चालू झाली, पुरवठा क्षणभर खाली आला आणि प्रोसेसर रीसेट होऊन त्याने सुरुवातीचा प्रोग्राम पुन्हा चालवला, तर हे सगळे एकाच चित्रात समोर येते. फक्त ० आणि १ दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरला पुरवठ्याची ही घसरण दिसत नाही. त्यासाठीच ऑसिलोस्कोप हवा.

मागे किती वेळ पाहता येईल, हे मेमरीवर ठरते. नमुन्यांची गती गुणिले वेळ म्हणजे लागणारी मेमरी. १० लाख नमुन्यांची मेमरी असेल आणि पडद्यावर १०० मिलिसेकंद घ्यायचे असतील, तर सेकंदाला १ कोटी नमुने मिळतात, म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या एका बिटामागे १००. हे भरपूर झाले. पण जुन्या २,५०० नमुन्यांच्या उपकरणात तेवढ्याच वेळासाठी एका बिटामागे एक नमुनाही पुरता मिळत नाही आणि डिकोड निरर्थक होतो. एका बिटामागे निदान पाच, शक्यतो दहा नमुने मिळतील असे पाहावे.

‘पोच न मिळणे’ हा पर्याय फार आकर्षक वाटतो, पण त्यात एक खाच आहे. आय-टू-सीत वाचन संपवताना प्रोसेसर शेवटच्या बाइटला मुद्दाम पोच देत नाही. ‘आता पुरे’ असे सांगण्याची ती रीतच आहे. त्यामुळे हा ट्रिगर प्रत्येक निर्दोष वाचनालाही लागतो. चिप जागेवर आहे की नाही हे शोधायचे असेल, तर पत्त्याच्याच बाइटला पोच न मिळणे असा वेगळा पर्याय आहे का ते पाहावे.

इतर सिरियल बसवरही पद्धत हीच, फक्त तपशील बदलतात. यूआर्ट या बसमध्ये क्लॉकची तारच नसते, म्हणून गती आधी सांगावी लागते. ९,६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, १,१५,२०० ला ८.७ मायक्रोसेकंदांचा. गती ठाऊक नसेल तर लहरीतला सर्वांत अरुंद खांब कर्सरने मोजावा. एक भागिले तो वेळ म्हणजे गती. सांगितलेल्या आणि खऱ्या गतीत सुमारे ५ टक्क्यांहून अधिक फरक पडला की दहाव्या बिटापर्यंत वाचन घसरते. जीपीएस मॉड्यूल हे सरावासाठी उत्तम उदाहरण आहे. त्याचे प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, म्हणजे हेक्स २४. डेटा २४ वर ट्रिगर लावला की प्रत्येक वाक्य पहिल्या अक्षरापासून दिसते. आय-टू-सीत वरचा बिट आधी येतो, यूआर्टमध्ये खालचा. मेनूत हा क्रमही पाहावा. आरएस-२३२ ची तार असेल तर ध्रुवता उलटी निवडावी, कारण तिथे १ म्हणजे ऋण व्होल्टेज आणि ० म्हणजे धन.

एसपीआयमध्ये चार तारा असतात आणि दोन चॅनेलच्या उपकरणावर चिप-सिलेक्टची तार बहुधा बाहेर राहते. तेव्हा क्लॉक किती वेळ थांबला म्हणजे नवा निरोप धरायचा, ही वेळ भरावी लागते. डेटा क्लॉकच्या कोणत्या कडेला वाचायचा, हे चिपच्या माहितीपत्रकातून घ्यावे. अंदाज करू नये.

मोटारीतली कॅन बस बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. तिच्या दोन्ही तारा शांत असताना २.५ व्होल्टवर असतात; ० पाठवताना कॅन-हाय ३.५ ला चढते आणि कॅन-लो १.५ ला उतरते. एकच प्रोब कॅन-हायवर लावला तरी चालते, फक्त थ्रेशोल्ड ३ व्होल्टच्या आसपास ठेवावा. मोटारीच्या ओबीडी सॉकेटात पिन ६ आणि १४ वर या तारा येतात. निदानयंत्र ७डीएफ या आयडीने सर्वांना प्रश्न विचारते आणि इंजिनाचा नियंत्रक सहसा ७ई८ या आयडीने उत्तर देतो. आयडी ७ई८ वर ट्रिगर लावला की फक्त इंजिनाची उत्तरे पडद्यावर थांबतात. कॅनमध्ये एरर फ्रेमवरही ट्रिगर लावता येतो आणि सैल झालेला कनेक्टर किंवा निखळलेला १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर शोधायला त्याहून चांगले साधन नाही.

उपकरणात सिरियल ट्रिगर नसेल तरी मार्ग बंद होत नाही. प्रोग्राम आपल्या हातात असेल तर संशयित ओळीच्या आधी एक रिकामी पिन वर करावी आणि नंतर खाली आणावी. त्या पिनवर साधा कडेचा ट्रिगर लावला की तोच क्षण सापडतो. प्रोग्राम दुसऱ्याचा असेल, किंवा चूक प्रोग्राममध्ये नसून तारेवर असेल, तेव्हा मात्र ही युक्ती चालत नाही.

नवा ऑसिलोस्कोप घेणाऱ्याने माहितीपत्रकात डिकोड आणि ट्रिगर या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. काही उपकरणे बाइट दाखवतात, पण त्यावर थांबू शकत नाहीत. काहींत पत्त्यावर थांबता येते, पण डेटाचा दुसरा बाइट तपासता येत नाही. काहींत ही सोय वेगळे पैसे भरून उघडावी लागते. ज्या बसवर काम करायचे आहे तिचे नाव दोन्ही याद्यांत आहे आणि ते किमतीत धरलेले आहे, याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.